वाटीत ओट्स किती, हवा किती

नमस्कार. टेबलावर तीनच वस्तू मांडल्या आहेत: ओट्सचं पाकीट, २४० मिलीलिटरचा मापाचा कप आणि स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा. आधी करून दाखवते, मग बोलते.

कप काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला. आता चमच्याने ओट्स हलकेच कपात सोडते आणि वरून सुरीची पाठ फिरवते. काट्यावर ८२ ग्रॅम. हे परत पाकिटात. आता कपच पाकिटात खुपसून भरून घेते, सुरी फिरवते. ९३. तिसऱ्यांदा तसाच भरते, पण ओट्यावर चार वेळा आपटते, खाली बसलं की भर घालते, परत सपाट. १०६. कप तोच, ओट्स तेच, हातही माझाच. तरी २४ ग्रॅमचा फरक पडला, म्हणजे पाव हिश्शाहून जास्त. आणि तिन्ही वेळा मी कागदावर ‘१ कप ओट्स’ असंच लिहिलं असतं.

हे का होतं ते आपल्याला पोह्यांवरून लगेच कळेल. एक वाटी पातळ पोहे आणि एक वाटी जाड पोहे हातात घ्या. पातळ पोह्यांची वाटी रिकामी असल्यासारखी वाटते. ओट्स हे तसेच पोहे आहेत: दाणा सोलायचा, वाफवायचा, रुळाखाली चपटा करायचा. वाफवतात त्यामागे आणखी एक कारण आहे. ओट्समध्ये स्निग्धांश बराच असतो आणि त्याला खवट करणारं एन्झाइम दाण्यातच असतं. वाफेने ते निकामी होतं. तर अशा चपट्या पाकळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात आणि मधे हवा राहते. कपाने आपण ओट्स आणि ती हवा दोन्ही मिळून मोजतो. हवा किती, हे पाकळी जाड की बारीक, कप कसा भरला, आणि पाकीट नवं की संपत आलेलं यावर ठरतं. तळाशी चुरा बसलेला असतो. तो पाकळ्यांच्या फटींत शिरतो, म्हणून तळातला कप नेहमी जड भरतो.

स्टील-कट ओट्स म्हणजे लापशीच्या रव्यासारखे कापलेले तुकडे. त्यांच्यात हवेला जागा कमी. त्याच कपात ते साधारण १६० ग्रॅम बसतात, म्हणजे चपट्या ओट्सच्या जवळजवळ दुप्पट. पाककृतीत नुसतं ‘ओट्स’ लिहिलं असेल तर कुठले, हे आधी ठरवा, मग कप उचला.

मापाने घ्यायचं की तोलून, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी धान्याची भरून मोजायची मापं. पायली सपाट घ्यायची की शिगोशीग, यावरून बांधावर आणि दुकानात किती बोलाचाली झाल्या असतील! शीग लावली की माप तेच राहून धान्य वाढतं. आणि पायलीभर बाजरी, पायलीभर भात, पायलीभर तांदूळ यांचं वजन एक नसतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी गावाकडे पायली अजून बोलण्यात आहे.

अमेरिकेत ओट्सचं तसंच झालं. तिथलं धान्याचं माप बुशेल, सुमारे ३५ लिटरचं. व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की बुशेल भरण्यात घोळ होतो, मग त्यांनी बुशेल हे नाव तेच ठेवलं, पण त्याचा अर्थ आकारमानाऐवजी ठरावीक वजन असा केला. आज एक बुशेल गहू म्हणजे ६० पौंड, आणि एक बुशेल ओट्स म्हणजे ३२ पौंड. शिकागोच्या वायदेबाजारात आजही ओट्सचा भाव बुशेलवर निघतो, पण मागे हिशेब असतो तो वजनाचा. सालासकट ओट्स गव्हाच्या जवळजवळ निम्म्याने हलके, हे त्या दोन आकड्यांत दिसतं. जिथे पैशाची देवाणघेवाण आहे तिथे लोक तोलायला लागले. घरच्या स्वयंपाकात मात्र, विशेषतः अमेरिकेच्या, कप तसाच राहिला, आणि आज आपण इंटरनेटवरून घेतो त्या पाककृती बऱ्याचशा तिथल्याच असतात.

त्यात कपही एक नाही. अमेरिकेचा २३७ मिलीलिटर, तिथल्या पोषणाच्या लेबलवरचा २४०, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि राइस कुकरबरोबर येतो तो १८०. त्या कुकरच्या कपाने केक करणाऱ्या दोघीतिघी मला वर्गात भेटल्या आहेत.

माझ्यावर हे कसं आलं ते सांगते. ऑर्डरी घ्यायला लागले ते पहिलं वर्ष. ओट्सची बिस्किटं, पाककृतीत तीन कप ओट्स. सोमवारी नवं पाकीट फोडून हलक्या हाताने भरले, तर बिस्किटं ट्रेमध्ये पसरून एकमेकांना चिकटली. लोणी पातळ झालं असेल म्हटलं. गुरुवारी तेच पाकीट तळाला आलं होतं, कप खुपसून, आपटून भरले. बिस्किटं गोळ्यासारखी उभीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर भुगा. मी ओव्हनला दोष दिला, तापमान बदललं, लोणी बदललं. आता बघा, कपामागे २४ ग्रॅम, म्हणजे तीन कपांना ७२. ओट्स पाणी धरून ठेवतात, ७२ ग्रॅम जास्त ओट्स म्हणजे पीठातला ओलावाच ओढून घेतला. दोन आठवडे मी नको तिथे शोधत होते. काटा घरात होता, पण तो मी फक्त लोण्यासाठी काढायचे.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ओट्सची खीर किंवा साधी पेज करायची तर चपट्या ओट्सना दुप्पट पाणी सांगतात: अर्धा कप ओट्स, एक कप पाणी. स्टील-कटना चौपट: पाव कप ओट्स, एक कप पाणी. पाठ करायला दोन वेगळे नियम. पण तोलून बघा. अर्धा कप चपटे ओट्स ४० ग्रॅम. पाव कप स्टील-कट, तेही ४० ग्रॅम. पाणी दोन्हीकडे २४० ग्रॅम. म्हणजे वजनाने दोन्ही एकास सहा! दोन नियम नव्हतेच, एकच होता. स्टील-कट अर्धा तास शिजतात, पाणी आटतं, म्हणून वर थोडं लागेल. पण सुरुवात तीच. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी फार वेळ त्याच्याकडे बघत बसले होते.

पिठाचंही पाहा. ‘१ कप ओट्सचं पीठ’ आणि ‘१ कप ओट्स, पीठ करून’ ही दोन वेगळी मापं. मिक्सरमधून फिरवले की पाकळ्या मोडतात, हवा निघते, सवा कपाचं साधारण कपभर पीठ होतं. ९० ग्रॅम ओट्सचं पीठ मात्र ९० ग्रॅमच.

काटा सगळीकडे हवाच असं नाही. सकाळच्या पेजेत दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर दूध वाढवा. सोडा, मीठ, यीस्ट दोन-तीन ग्रॅम लागतात, तिथे एक ग्रॅमच्या काट्यापेक्षा मापाचा चमचा खरा. बेकिंगमधलं ओट्स, मैदा, साखर, लोणी तेवढं तोला.

मगाशी पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, माझ्याकडे कप नाही, घरची वाटी आहे. त्यांनी ती पिशवीतून आणलीय. द्या आजी. वाटी काट्यावर, काटा शून्यावर, आता काठोकाठ पाणी. १६८ ग्रॅम. पाण्याचा ग्रॅम म्हणजे मिलीलिटर, तेव्हा ही १६८ मिलीलिटरची वाटी. पुसून कोरडी केली, ओट्स तुम्हीच भरा, रोज भरता तशा. आजी हलवून भरतात. ६६ ग्रॅम. आजी, तुमच्या वहीत लिहा: माझी वाटी, ओट्स ६६. आता कुणाची वाटी?