कॉन्सर्ट रेकॉर्ड करताना बेस किती कापायचा?

आधी हे दहा सेकंद ऐका. शक्यतो हेडफोन लावून.

[क्लिप १]

किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पडला की गायिकेचा आवाज फाटतो, किक थांबला की पुन्हा स्वच्छ. ऐकू आलं ना? हे रेकॉर्डिंग माझंच आहे. ते चालू असताना मीटर एकदाही वजा १० डेसिबलच्या वर गेला नव्हता. लाल दिवा लागला नाही. घरी येऊन फाइल उघडली, तर लाटांचे माथे कापल्यासारखे सपाट. अख्खा कार्यक्रम हातचा गेला. मला अजून त्याची हळहळ वाटते, म्हणून आज फक्त याच विषयावर बोलतो.

झालं काय होतं? माइकचा सिग्नल रेकॉर्डरमध्ये शिरला की आधी प्रीअँपमध्ये, म्हणजे तो क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात जातो. बऱ्याच छोट्या रेकॉर्डरमध्ये लेव्हलचं बटण या प्रीअँपच्या नंतर बसवलेलं असतं. त्यामुळे प्रीअँपवरच भार जास्त झाला, तर लेव्हल कमी करून आपण फाटलेलाच आवाज बारीक करतो. मीटर मात्र सगळं ठीक दाखवतो. ओळखायची खूण म्हणजे लाट सपाट आहे, पण कमाल पातळीच्या बरीच खाली सपाट आहे.

आणि हा भार बहुतेक वेळा बेसचा, म्हणजे खालच्या स्वरांचा असतो. आपल्या कानांना खालचे स्वर कमी ऐकू येतात, त्यामुळे फसायला होतं. आवाज मोजायचं ‘ए’ वेटिंग कानाच्या याच सवयीवर बेतलंय. ते ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा करून आकडा दाखवतं. माइक असं काही वजा करत नाही. सबवूफरमधून, म्हणजे बेससाठीच्या मोठ्या स्पीकरमधून (थोडक्यात ‘सब’) येईल तेवढं सगळं तो पुढे ढकलतो.

इथे बेस रोल-ऑफ, म्हणजे खालचे स्वर कमी करणारा फिल्टर, कामाला येतो. काही रेकॉर्डरवर त्याला लो-कट म्हणतात. तो १०० हर्ट्झवर ठेवला म्हणजे १००च्या खालचं सगळं गायब, असं बरेच जण समजतात. तसं नसतं. साधा, प्रत्येक सप्तकाला ६ डेसिबल उतरणारा फिल्टर घ्या. तो १०० हर्ट्झलाच ३ डेसिबल कमी करतो, ५०ला साधारण ७, २५ला १२. आणि वरच्या बाजूला २०० हर्ट्झलाही एक डेसिबल खातोच. भिंत नाही, उतार आहे.

आता आकडा कसा निवडायचा? बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. किकचा दणका साधारण ५० ते ८०च्या आसपास. पुरुष गायकाच्या आवाजातला भरदारपणा शंभराच्या थोडं वर सुरू होतो. म्हणून मी ८० किंवा १००पासून सुरुवात करतो. सबच्या अगदी समोर उभं राहावं लागलं, तर १६०. दोनशेच्या वर मी सहसा जात नाही. तिथे फाटणं थांबतं, पण गाणं टेलिफोनवरून आल्यासारखं पातळ होतं. ज्या आकड्यावर फाटणं थांबतं, त्यातला सगळ्यात खालचा आकडा घ्या.

पण त्याआधी जागा बदलून बघा. मागची भिंत आणि कोपरा बेस फुगवतात. मंचाच्या दोन्ही बाजूंना सब असतील, तर बरोबर मधल्या रेषेवर बेस साचतो. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, त्यामुळे वीतभर सरकून उपयोग नाही. दोन-तीन मीटर बाजूला व्हा.

[क्लिप २: तीच किक, जागा बदलून]

बटणाला हातही लावला नाही आणि एवढा फरक.

एक गोष्ट खरेदी करताना नक्की तपासा. मेनूमधला लो-कट कधीकधी डिजिटल असतो, म्हणजे सिग्नलचे आकडे झाल्यानंतर चालतो. तोवर प्रीअँपमध्ये व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आपल्याला हवा तो प्रीअँपच्या आधीचा फिल्टर. माइक आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये लावायच्या बॅटरी बॉक्सवर तो मिळतो, आणि मग माइकच्या जॅकऐवजी लाइन-इनमध्ये, म्हणजे जोरदार सिग्नलसाठीच्या जॅकमध्ये जाता येतं. या बॉक्समधल्या ९ व्होल्टच्या बॅटरीचा आणखी एक फायदा आहे. छोट्या इलेक्ट्रेट माइकला रेकॉर्डरच्या जॅकमधून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात, त्यावर माइक स्वतःच लवकर फाटतो. आणि माइकच फाटला, तर पुढचा कुठलाही फिल्टर त्याला वाचवू शकत नाही. खूप मोठे आवाजही न कापता साठवणारं ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंगही नाही.

कापलेल्या बेसची काळजी वाटत असेल, तर हे ऐका. फाटलेला आवाज शिवता येत नाही, पण उतारावर कमी झालेला बेस परत चढवता येतो. ही फाइल १००वर रेकॉर्ड केलीय. घरी १००च्या खाली लो-शेल्फने (खालचे स्वर एकत्र वरखाली करणाऱ्या फिल्टरने) ५ डेसिबल वाढवले, बाकी हात लावलेला नाही. हेडफोन काढू नका.

[क्लिप ३]