वयाच्या नावावर खपवलेला दम

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे आपल्या खानदेशातल्या कुठल्याही गावाबाहेर जाऊन उभं राहा. धूर वर जाताना दिसत नाही. शेताच्या अंगावर, घरांच्या पत्र्यांवर तो आडवाच पसरून राहतो. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्या वर उबदार हवेचा थर बसतो. त्यामुळे खालचा धूर खालीच अडकतो. अंगणात पेटलेला बंब, बांधावर जाळलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, कोपऱ्यावरचा धुमसता कचरा, हायवेवरच्या ट्रकांचं डिझेल, सगळं त्याच थरात. आणि नेमक्या याच वेळेला कानटोपी-स्वेटर घालून आपली वडीलधारी मंडळी झपाझपा फिरायला निघतात. शुद्ध हवा घ्यायला!

मी या भागात बरीच वर्षं डॉक्टरकी करतो. हिवाळ्यात साठी-सत्तरीचे पेशंट येतात ते बहुधा आपलं निदान आपणच करून. अमळनेर-पारोळ्याकडची एखादी आजी सांगते, "आते वय व्हयनं, दम लागसच ना!" सोबत आलेला मुलगा मान डोलावतो. आज मला याच समजुतीबद्दल बोलायचं आहे. वयानं माणूस थोडा मंदावतो, हे खरं. पण मागच्या वर्षी न थांबता देवळापर्यंत जाणारा माणूस यंदा अर्ध्या वाटेत ओट्यावर टेकत असेल, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका. काहीतरी बिघडलेलं असतं, आणि त्या बिघाडात धुराचा वाटा आपण धरतो त्यापेक्षा मोठा असतो.

धूर म्हणजे नुसता काळा लोट नव्हे. त्यात अतिशय बारीक कण असतात, अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. रस्त्याची जाड धूळ नाकात, घशात अडकते आणि शेंबडातून, खोकल्यातून बाहेर पडते. हे बारीक कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथं सूज येते. ती सूज छातीपुरती राहत नाही. रक्तात तिची रसायनं उतरतात, रक्त गुठळी धरायला उतावीळ होतं, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो. वाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला असेल, तर तो फुटायला एवढं निमित्त पुरतं. हे घडायला वर्षं लागतातच असं नाही. धुराच्या दिवसानंतर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच बाहेरच्या प्रदूषणानं होणाऱ्या अकाली मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 सालचा हिशेब मांडला, तेव्हा शंभरातले 68 मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघाताचे निघाले. धूर म्हटलं की आपण खोकला आठवतो, मरण मात्र बहुतेक वेळा हृदयाकडून येतं.

म्हाताऱ्या माणसालाच हे जास्त का बाधतं? पंचविशीच्या आसपास फुप्फुसाची ताकद सर्वात जास्त असते, मग ती दरवर्षी थोडी थोडी उतरते. खोकल्याचा जोर कमी होतो, श्वासनलिका झाडून काढणारे बारीक केस सुस्तावतात, छातीचा पिंजरा कडक होतो. त्यातून आपल्या अनेक आजोबांनी उमेदीची वर्षं जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या कापड गिरण्यांत काढलेली, कुणी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये, कुणी डाळ मिलमध्ये. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची, पुढं आठवडाभर जरा बरं वाटायचं. वैद्यकात या रोगाला नाव आहे. कामगार त्याला सवय समजत.

आणि आज्या? सत्तरीच्या आजीनं आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. पण वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून ती चुलीपुढं बसलेली असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे करायचे म्हणजे दोन-तीन तास तोंडावर धग आणि धूर. गवऱ्या ओल्या निघाल्या तर फुंकणी घेऊन पुन्हा त्याच धुरात फुंकर! अशा अनेक बायकांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात, अगदी अट्टल विडीवाल्यासारख्या. स्पायरोमेट्री नावाची फुंकण्याची तपासणी केली की ते लगेच कळतं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघरी सिलिंडर आले, हे चांगलंच झालं. पण चहा गॅसवर, आणि भाकरी, अंघोळीचं पाणी, ढोरांची आंबोण चुलीवर, असं बहुतेक ठिकाणी चालतं. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणणारे घरातले पुरुष असतात आणि धूर घेणारी बाई असते, हेही सांगून टाकतो.

थंडीत आणखी एक प्रकार होतो. दार-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, म्हातारीला ऊब मिळावी म्हणून. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, आधीच हृदयविकार असेल तर छातीत कळ येते. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नका. ते यंत्र हा विषारी वायू धरलेलं रक्तही प्राणवायूचं समजतं आणि 98 दाखवतं. शेगडी खोलीबाहेर काढा, खिडकी उघडा, आजीला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

तर करायचं काय? फिरणं सोडू नका, वेळ बदला. हिवाळ्यात ऊन चांगलं वर येऊ द्या, तो धुराचा थर मोडू द्या, मग निघा. उन्हाळ्यात उलट करायचं. आपल्याकडे पारा 44-45 च्या घरात जातो, तेव्हा पहाटच बरी. दुपारच्या कडक उन्हात गाड्यांच्या धुरापासून ओझोन नावाचा वायू तयार होतो, तो दमेकऱ्याला सोसत नाही, आणि ऊन हृदयाला सोसत नाही. हायवेच्या कडेनं चालू नका. दोन-तीनशे मीटर आतल्या रस्त्यावर हवेत बराच फरक पडतो. तोंडाला उपरणं किंवा रुमाल बांधून जाड धूळ अडते, बारीक कण नाही. त्याला एन-95 मास्क लागतो, तोही नाकावर घट्ट बसलेला. फार दम लागणाऱ्यांनी तो वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. घरातल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल लोक विचारतात. फटी असलेल्या पत्र्याच्या घरात त्याचा फारसा उपयोग नाही. तेवढ्या पैशात चुलीला उंच धुराडं बसवा आणि पाण्यासाठी सोलर लावा.

पऱ्हाट्या आणि मक्याचं चिपाड जाळणाऱ्या शेतकरी बांधवांना दोष देऊन भागत नाही, रान मोकळं करायला मजूर मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण कुट्टी करून ते रानातच गाडलं तर जमिनीला पोसतं. भरिताची वांगी काड्यांवर भाजायला कुणाची ना नाही, श्रोतेहो! फक्त आजोबांचा पाट वाऱ्याच्या वरच्या बाजूला मांडा. केंद्र सरकारनं 2019 मध्ये शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात हवा सुधारण्याची गरज असलेल्या शहरांच्या यादीत आपलं जळगावही आहे. तेव्हा हा दिल्लीचा प्रश्न आहे, असं म्हणायची सोय उरलेली नाही.

आता औषधांचं, आधी तोंडानं ओढायच्या पंपाचं, म्हणजे इनहेलरचं. 'पंप एकदा लागला की सुटत नाही' या भीतीनं माणसं गोळ्या आणि सलाईन घेत फिरतात. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. हात थरथरत असतील तर पंपाला स्पेसर नावाची नळी लावा. नळीभोवती ओठ घट्ट मिटा, औषध मारलं की सावकाश ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा आणि नंतर चूळ भरा. रक्तदाबाची, हृदयाची गोळी थंडीत आपल्या मनानं बंद करू नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्यानं, दोन्ही थंडीच्या आधी उरकून घ्या.

आणि एक लक्षण नीट ऐका. म्हातारपणी, त्यातून साखरेचा त्रास असेल तर, हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखेलच असं नाही. नुसता अचानक दम लागतो, दरदरून घाम फुटतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो, आडवं झालं की गुदमरतं. तेव्हा ओवा-सोडा देत बसू नका. 108 ला फोन लावा, पेशंटला बसतं करा, जिना उतरायला लावू नका, खुर्चीसकट उचलून खाली आणा. चालू औषधांची पिशवी बरोबर घ्या.

नमस्कार.