एकशेवीस हप्ते

(लोंढा जंक्शन, पहाट. फलाटावर पिशव्या घेऊन उभ्या मुली.)

खानापूर तालुक्यातली माझी मामेबहीण इथून गोव्याची गाडी पकडते. तिथल्या एका खासगी रुग्णालयात ती नर्स आहे. मामीने बांधून दिलेल्या भाकऱ्या दोन दिवस पुरतात. पगार मात्र हातात येण्याआधीच थोडा कमी झालेला असतो, कारण पाच तारखेला बँकेचा हप्ता जातो.

(बेळगाव, नेहरूनगर. कॉलेजचे फाटक.)

शिकायला बेळगावात कॉलेजं भरपूर. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, बिम्स हे सरकारी वैद्यकीय कॉलेज आहे, नर्सिंग कॉलेजंही बरीच आहेत. प्रश्न फाटकाच्या आत जायला काय पडतं, हा आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १९८९ मध्ये कर्नाटक सरकारने खासगी कॉलेजांतल्या एमबीबीएसची वार्षिक फी ठरवून दिली. सरकारी कोट्यातल्या जागेला २,००० रुपये. राज्यातल्या बाकीच्यांना २५,००० पर्यंत. राज्याबाहेरच्यांना ६०,००० पर्यंत. वर्ग तोच, शिकवणारेही तेच. मेरठच्या मोहिनी जैन यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जादा फी म्हणजे कॅपिटेशनच, म्हणजे जागा देण्यासाठी उकळलेला पैसा, असा निकाल दिला. पुढच्या खटल्यांचा इतिहास लांब आहे.

आपल्या सीमाभागात 'राज्याबाहेरचा' या शब्दाला धार आहे. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावात येतो, दवाखान्यालाही इथेच येतो. पण प्रवेशाच्या रांगेत त्याचा पोरगा परका ठरतो. उलट, महाराष्ट्र सरकार ज्यांच्यावर दावा सांगतं त्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या वैद्यकीय कॉलेजांत काही जागा राखीव असतात. त्या जागा थोड्या आणि मागणारे फार. बारावीच्या निकालानंतर घराघरांत दाखल्यांच्या दोन-दोन फायली तयार होतात, एक बेंगळुरूसाठी, एक मुंबईसाठी.

(खानापूर. बँकेची शाखा.)

फी नाही परवडली तर कर्ज. बँकांच्या ठरलेल्या नियमांत चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही. आईवडिलांपैकी एकाची सहकर्जदार म्हणून सही पुरते. साडेसात लाखांच्या पुढे गेलात की तारण आलं. मग शेताचा उतारा बाहेर निघतो, आणि उताऱ्यावर चार भावांची नावं असतात. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या किती मुलींची गाडी इथेच अडते.

नर्सिंगच्या मुली बहुतेक त्या चार लाखांच्या आत बसतात. म्हणून त्यांचं कर्ज कुणाला मोठं वाटत नाही. मला मात्र वाटतं. हिशेब मांडून बघू. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, दर वर्षी एक लाख उचल, व्याज सरळ दहा टक्के धरा. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पाच वर्षांनी चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये.

आता पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये. ती शिफारस होती, सक्ती नव्हती. पूर्ण २०,००० मिळाले तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँकेत जातात. उरलेल्यात खोलीभाडं, मेस, आणि घरी पाठवायचे पैसे.

साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण त्यासाठी कॉलेजला ठरलेल्या संस्थेची मान्यता लागते. प्रवेश घेताना हे विचारायचं असतं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शिकलेला, मलाही नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. कॉलेजच्या माहितीपत्रकात वसतिगृहाचे फोटो होते, बसचे होते. मान्यतेचं पान आम्ही शोधलंच नाही.

(निपाणी. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बाया.)

निपाणीत बिड्या वळून मुलींना नर्सिंगला घालणाऱ्या आया आहेत. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळते, ओळखपत्र असेल तर. ज्यांचं कार्ड निघालेलं नाही, त्यांनी आधी ते काढून घ्यावं. प्रवेशाच्या धावपळीत त्याला वेळ मिळत नाही.

(पुन्हा लोंढा. गाडी हलते.)

बहिणीने खिडकीतून हात केला. गेल्या महिन्यात तिचा छत्तिसावा हप्ता गेला. अजून चौऱ्याऐंशी आहेत.