दहानंतरचं गाणं

मंडळी, नमस्कार.

परवा दसरा झाला. आमच्या क्लासात त्या दिवशी वाद्यांची पूजा असते. पूजेआधी मी पावसाळाभर गुंडाळून ठेवलेले तबले बाहेर काढतो आणि एकेक वाजवून बघतो. श्रावण-भाद्रपदात या वाद्यांचे फार हाल होतात. हवेतला ओलावा पुडीत, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्यात शिरतो, चामडं सैल पडतं, सूर उतरतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीनं ठोकायचे, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोके देत एकेक घर सुरात मिळवायचं, आणि पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. चाललेलं गाणं थांबवून तबला मिळवताना किती कानकोंडं होतं, ते वाजवणाऱ्यालाच कळतं. मग आश्विनात एक दिवस असा येतो, की चाटेवर, पुडीच्या काठावर, बोट पडतं आणि सूर खणखणीत निघतो, जागचा हलत नाही. माझा शरद ऋतू त्या दिवशी सुरू होतो.

आपल्याकडं गाण्या-नाटकाचा हंगाम या दिवसांत येतो, त्याचं एक कारण हे असं चामड्यात आहे. नवरात्रात गोंधळ आणि जागर, मग कोजागरी, मग दिवाळी पहाट. 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. नोव्हेंबरच्या आसपास राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या सुरू होतात आणि महिनाअखेरीला अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. या सगळ्यावर बोलायचं तर रात्र पुरणार नाही. मी आज फक्त रात्रीबद्दलच बोलणार आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून 15 किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथं सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून आलेले. याच्याकडं राज्याच्या हिशेबाचं खातं. या हिशेबनिसानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्याय आहेत, आणि आजही हिंदुस्थानी असो की कर्नाटक, दोन्हीकडचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हणतात, ही व्याख्या त्याच ग्रंथातली. पण मला त्यातली दुसरी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रागांबद्दल सांगताना कोणता राग कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रहरी गावा, हेही तो नोंदवतो. एवढ्या काटेकोर माणसाला वेळ ही रागाच्या वर्णनातच धरावीशी वाटली. त्याच्या गावाशेजारी राहणाऱ्या आपण ती वेळ सोडून दिली आहे.

काही वर्षांपूर्वी एका खुल्या महोत्सवात मी साथीला होतो. गायिका मोठ्या होत्या. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, सत्कार लांबले. पावणेदहाला त्यांनी मालकंस या रात्रीच्या रागाला हात घातला. विलंबित, म्हणजे संथ एकताल, तिसरं आवर्तन. त्या मध्यमावर नुकत्या कुठं स्थिरावत होत्या. तेवढ्यात पेटीच्या कडेला कुणीतरी चिठ्ठी सरकवली: ‘दहा मिनिटं.’ त्यांनी ती वाचली, माझ्याकडं बघितलं आणि समेवर येऊन थेट द्रुत, म्हणजे जलद ख्याल धरला. टाळ्या खूप पडल्या. गाडीत बसताना त्या एवढंच म्हणाल्या, “आज राग भेटलाच नाही हो.” ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. आजारी माणसं असतात, अभ्यास करणारी मुलं असतात, नियम योग्यच आहे. पण त्यानं काय झालं ते बघा. बागेश्री, मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्रीचे राग एक तर अवेळी गायले जातात, नाही तर घाईत. पहाटेचंही तेच. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. माईक सहाला सुरू होणार. म्हणजे पहाटेच्या ललत रागाला अर्धा तास! आपली ‘दिवाळी पहाट’ बहुतेक वेळा उन्हातच पार पडते.

बंदिस्त सभागृहाला याच नियमात मोकळीक आहे. तरी आपण तिथं रात्रभराची मैफल ठेवत नाही, कारण आयोजकांना वाटतं, एवढा वेळ लोक बसणार नाहीत. हे मला पटत नाही. पैठणजवळ माझं आजोळ आहे. तिथं कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज काकडा असतो. चार वाजता मामी अंगावर शाल घेऊन निघायच्या, हातात काकडा भिजवायला तुपाची वाटी. देवळात एक वीणेकरी, एक पखवाज, आठ-दहा टाळ, आणि भूपाळ्या. माईक नाही. बाहेर कापसावर दव पडलेलं असायचं आणि बाया-माणसं उजाडेपर्यंत उभी राहून म्हणत. त्यातली निम्मी तिथून थेट वेचणीला जात. नाथांच्या गावच्या परिसरात, जिथं विंचवाच्या आणि जोशाच्या भारुडांना लोक रात्र रात्र बसले, तिथं श्रोता जागत नाही असं कसं म्हणायचं?

आता नाटकाचं. राज्य स्पर्धेतल्या नाटकांना मी बरीच वर्षं संगीत देतो आहे. या शहराची नाटकाची परंपरा मोठी आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात कमलाकर सोनटक्क्यांनी मुलं घडवली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही ‘जिगीषा’ नाट्यसंस्थेची मंडळी इथूनच मुंबईला गेली. पण मला तालुक्याच्या संघांबद्दल बोलायचं आहे. स्पर्धेची तालीम आणि सोयाबीनची काढणी एकाच महिन्यात येतात. त्यामुळं तालीम रात्री दहाला सुरू होते, शाळेच्या एखाद्या खोलीत. एका संघातला प्रमुख नट घसा बसलेला घेऊन आला. म्हणाला, “सर, आवाजच निघंना. दिवसभर मळणीयंत्रावर हाय, सगळं भुसकट नरड्यात गेलंय.” मी त्याला गरम पाणी दिलं, पेटीवर खर्जातला सा धरला आणि म्हटलं, फक्त याच्यावर थांब. अर्धा तास तो त्या एका सुरावर बसला. मग त्यानं बापाच्या मरणानंतरचं स्वगत त्याच खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजत म्हटलं. ते ऐकून दिग्दर्शक काही बोललाच नाही. स्वगत तसंच ठेवलं.

प्रयोगाच्या दिवशी त्यांनी नेपथ्य टेम्पोतून आणलं, घरचाच दरवाजा चौकटीसकट उचलून. तिसरी घंटा झाली. मी विंगेतून डोकावलो. परीक्षक सोडून 31 माणसं. तो नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलत होता, आणि शेवटच्या रांगेत कुणीच नव्हतं. मुंबईचं नाटक आलं, की पाचशे रुपयांचं तिकीट आपण रांगेत उभं राहून काढतो. तेही काढावं. पण स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं. या वर्षी निदान तीन नाटकं बघा, आणि तालुक्याच्या संघांची बघा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि गाण्याचं मी स्वतःपुरतं ठरवलं आहे. येत्या कोजागरीला क्लासाच्या वरच्या हॉलमध्ये रात्री दहाला मैफल सुरू होईल. ऐंशी माणसं दाटीवाटीनं बसतात. माईक नाही, सत्कार नाहीत. बाराला दूध, तेही उभ्या उभ्या. मालकंसाला हवा तेवढा वेळ. मग मधल्या प्रहराचे राग, पाचच्या सुमाराला ललत, आणि उजाडताना आमच्या आजोळची काकड्याची मंडळी भूपाळी म्हणतील. त्यांनी यायचं कबूल केलं आहे. चादर आणा, पहाटे गार होतं. खिडक्या मात्र लावून घेऊ, शेजारी लहान मूल आहे.

तंबोरे मी साडेनवाला लावायला घेतो. लवकर आलात तर तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा सरकताना तार कशी उघडते, तेही जवळून ऐकता येईल.