कपभर रेती

मंडळी, हा कप चहाचा आहे, पण आत ओरसंगची रेती आहे. बडोद्यात घर बांधलेल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर या कपात 14 लाखांच्या आसपास कण मावतात. मोजले नाहीत, गुणाकार केला!

आता मी अंगठा दाबते. भार खाली जातो कसा? पाण्यात दाब सगळीकडे सारखा पसरतो. रेतीत तो फक्त कण कणाला टेकतो तिथूनच पुढे सरकतो, आणि कुठला कण कुणाला टेकलाय हे वरून बघून कळत नाही.

पीटर कंडॉल आणि ओटो स्ट्रॅक या दोन संशोधकांनी 1979 साली यावर एक अगदी साधी रीत मांडली. प्रत्येक कण वेगळा धरायचा. त्यांचे कण म्हणजे नुसत्या गोल चकत्या. दोन चकत्या एकमेकींत किंचित घुसल्या, की मधली स्प्रिंग दाबली गेली असं समजायचं. किती घुसल्या त्यावरून जोर, जोरावरून न्यूटनच्या नियमानं वेग, वेगावरून नवी जागा. आडवा जोर घर्षणाच्या मर्यादेबाहेर गेला की कण घसरू द्यायचा. मग कोण कुणाला टेकलंय ते पुन्हा बघायचं, आणि संगणकावर तेच दळण पुन्हा दळायचं. गणित अकरावीचं. पण प्रत्येक फेरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी, कधी त्याहूनही लहान. म्हणजे एका सेकंदासाठी निदान दहा लाख फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत हे चौदा लाख कण! म्हणून अशी मॉडेलं करणारे आम्ही थोडी लबाडी करतो: कण खऱ्यापेक्षा मऊ धरतो, म्हणजे फेऱ्या कमी लागतात.

या दळणातून जे निघतं त्याचं मला अजूनही नवल वाटतं. निम्म्याहून जास्त स्पर्शबिंदूंवर सरासरीपेक्षा कमी भार असतो. खरं ओझं थोड्याच कणांच्या वाकड्यातिकड्या साखळ्या वाहतात. मग बाकीचे कण फुकटे का? दहीहंडीचा मनोरा आठवा. वजन खांद्यांवर असतं, पण भोवती पाठीला हात लावून उभे असतात ते नसले तर मनोरा कलतो. रेतीतही हलके कण साखळीला बाजूनं धरून ठेवतात. ही संगणकाची कल्पना नव्हे. पारदर्शक चकत्या दाबून ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात पाहिल्या, तर या साखळ्या उजळलेल्या दिसतात. कंडॉल-स्ट्रॅकनी आपले आकडे अशाच प्रयोगाशी ताडून पाहिले होते.

आणि कण स्वतः किती दबतो? घराच्या पायाखाली, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढा. जमीन खचते ती मुख्यतः कण जागा बदलतात म्हणून. पाइलच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेल्या खांबाच्या, टोकाशी मात्र गोष्ट वेगळी. तिथे कोपरे तुटतात, कणांचा चुरा होतो.

माझ्या पहिल्या मॉडेलमधली रेती ढिगात उभीच राहीना, सारखी पसरायची. चार दिवस कोडमधली चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच, माझे कण गोल होते! काचेच्या गोल मण्यांचा ढीग 25 अंशांच्या आसपास थांबतो, कोपरेवाल्या रेतीचा 30 च्या वर. सायटीवरच्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, विचारलं असतं तर चिमूट चोळून त्यानं लगेच सांगितलं असतं. मग मी तीन-चार गोल चिकटवून एकेक कण केला, तेव्हा कुठे ढीग उभा राहिला.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली: 'माझ्या बंगल्याचा पाया असा तपासून द्याल का?' काका, नाही. एका घनमीटरमध्येच असे 900 कोटी कण, तुमच्या प्लॉटखाली किती ते बघा. पायासाठी नेहमीचं मृदा-यांत्रिकीचं शास्त्रच बरं. पण त्या शास्त्रातले नियम भूकंपात, ओल्या सैल रेतीत कुठे तुटतात, हे मात्र या कपाएवढ्या रेतीत बघता येतं. 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून पाणी आणि रेती उसळली, ती अशीच. हादऱ्यांनी सैल रेती दबू पाहते, मधल्या पाण्याला निघायला वेळ मिळत नाही, दाब वाढतो आणि कण एकमेकांना टेकायचेच थांबतात. साखळीच उरत नाही.

कप मागच्या बाकापर्यंत फिरवते. सांडू नका, कार्यालयाची फरशी नुकतीच पुसली आहे.