सही केली म्हणजे राजीखुशीनं केली असं होत नाही

नमस्कार मंडळी, आज विषय आहे करार. आणि कायद्याचा विषय दिसला म्हणून लगेच पुढं सरकवू नका, कारण आपल्या मराठवाड्यात वर्षातून दोनदा करारांचा हंगाम येतो, एक गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा, आणि दुसरा पावसाळ्यात ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, वाटायला लागतो तेव्हा. दोन्हीकडं एक माणूस काम करीन म्हणतो, दुसरा पैसे देईन म्हणतो. वरून बघितलं तर सेम टू सेम. पण या दोन्हीच्या मधी जे अंतर आहे ना, करार कायद्याचं मूळ तिथंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पाडव्याचं बघा. मालकाच्या ओसरीत बसून साल ठरतं. मालक म्हणतो एवढे पैसे, गडी म्हणतो एवढ्यात नाही परवडत, वरून ज्वारी किती कट्टे, गहू किती, कपड्याचे दोन जोड का एकच, पायतान कोण घेऊन देणार, पाहुण्याच्या लग्नाला चार दिवस गेला तर ते खाडे धरायचे का नाही, सगळं बोलणं होतं. दोनदा चहा होतो, तरी जमत नाही, गडी उठतो आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या ओसरीत जाऊन बसतो. मालकालाही दुसरा गडी बघायची मोकळीक असते. हे उठून जाता येणं लई महत्त्वाचं आहे मंडळी, कारण त्यामुळंच जेव्हा तो शेवटी 'ठरलं' म्हणतो तेव्हा त्या शब्दाला वजन येतं. पूर्वी असं नव्हतं, बापानं घेतलेल्या कर्जात पोरगं राबायचं, त्याच्यामागं त्याचं पोरगं. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आला आणि त्यानं ते कर्जच संपवलं, म्हणजे असल्या कर्जाच्या वसुलीसाठी सावकाराला कोर्टात दावासुद्धा लावता येत नाही.

आता मूळ प्रश्न. दोन माणसांनी आपसात काहीतरी ठरवलं, एकानं शब्द फिरवला, तर सरकारनं मधी कामून पडावं? कोर्ट हुकूमनामा देतं, बेलीफ दारात येतो, ट्रॅक्टर जप्त होतो, जमिनीचा लिलाव निघतो. ही साधी गोष्ट नाही, ही राज्याची ताकद आहे आणि ती एका माणसाच्या बाजूनं दुसऱ्यावर चालते. तिचं समर्थन एकाच आधारावर करता येतं, की बाबा तुला कुणी बांधलं नव्हतं, तू स्वतःहून बांधून घेतलंस. मग पहिला 'हो'च गचांडी धरून घेतलेला असेल तर? तर त्या कागदावर हुकूमनामा देणारं कोर्ट गचांडी धरणाऱ्याचं राहिलेलं काम पुरं करून देतंय, दुसरं काय. आपल्याकडं पंचायत बसली की पहिला प्रश्न येतो, 'सही तुझीच आहे ना?' आणि तिथंच विषय संपतो. कायद्याचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, सही झाली कशी?

(स्क्रीनवर: भारतीय करार कायदा, १८७२)

हा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू आहे, दीडशे वर्षं होऊन गेली. कलम १० सांगतं की करार तोच, जो मुक्त संमतीनं झाला. कलम १३ सांगतं की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं कबूल केलेली पाहिजे. आणि कलम १४ सांगतं संमती मुक्त कधी नसते, तर जबरदस्ती, अनुचित प्रभाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा चूक यातलं काही मधी आलं तर.

जबरदस्तीचं कलम १५ नीट ऐका, कारण त्यात मारहाण झालीच पाहिजे असं नाही. दंडसंहितेनं मनाई केलेलं कुठलंही कृत्य करणं, किंवा नुसती ते करीन अशी धमकी देणं, तेवढं बस आहे. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आलीय, तत्त्व तेच आहे. दुसरं म्हणजे कुणाची मालमत्ता बेकायदेशीर अडकवून ठेवणं. बैलं सोडत नाही, मोटारसायकल देत नाही आधी कागदावर सही कर, हे त्यात येतं. आणि तिसरी गोष्ट बऱ्याच लोकांना माहीतच नसते, धमकी तुम्हालाच दिलेली असायची गरज नाही, भावाला कोंडून तुमची सही घेतली तरी ती जबरदस्तीच. पण एक लक्षात घ्या, कुणी म्हणालं 'पैसे दे नाहीतर दिवाणी दावा लावतो' तर ती जबरदस्ती नाही, तो त्याचा हक्क आहे. खोट्या फौजदारी केसमधी अडकवतो म्हणाला, तर मात्र गोष्ट बदलली.

असा करार झाला तर तो आपोआप रद्द होतो का? नाही. कलम १९ म्हणतं, ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याच्या मर्जीवर आहे, त्याला पाहिजे तर तो रद्द करून घेईल, नको असेल तर चालू ठेवील. मला हे कलम फार आवडतं. कारण माणसाकडून हिसकावलं काय होतं, तर निवड, आणि कायदा नेमकी तीच त्याच्या हातात परत देतो, त्याच्या वतीनं स्वतः ठरवत बसत नाही. अर्थात रद्द करताना घेतलेले पैसे, फायदा परत करावा लागतो, कलम ६४. आणि जबरदस्तीनं भरायला लावलेला पैसा कलम ७२ खाली परत मागता येतो. त्या कलमात उदाहरणच दिलंय, रेल्वे कंपनीनं बेकायदेशीर जादा पैसे भरल्याशिवाय माल सोडला नाही, व्यापाऱ्यानं भरले, तर तेवढा जादा पैसा त्याला परत मिळतो.

आता मूठ न दाखवताही माणूस दाबता येतो, आणि आपल्याकडं तसंच जास्त होतं. इथं कलम १६ येतं, अनुचित प्रभाव. त्यातलं एक उदाहरण वाचलं ना की वाटतं लिहिणारा आपल्याच गावात येऊन गेला होता. एक माणूस गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी आहे, तो त्याच सावकाराकडून नवं कर्ज घेतो आणि अटी अशा की ऐकणाऱ्याला घोर लागावा. अशा वेळी दबाव टाकला नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. देणेकऱ्यावर नाही! १८९९ च्या दुरुस्तीपासून या कायद्यात हे लिहिलंय आणि आजही लोक कर्जापोटी जमिनीचं थेट खरेदीखत करून देतात, 'पैसे फेडले की परत फिरवून देतो' या तोंडी शब्दावर. मग पैसे फेडले तरी सातबारावर नाव सावकाराचंच. असं कुणाचं झालं असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा बघा, अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. लेखी कागदाच्या विरोधात तोंडी पुरावा सहसा चालत नाही हे खरं, पण जबरदस्ती किंवा फसवणूक दाखवायची असेल तर चालतो.

आणि घरातलं बोलूया का? हक्कसोडपत्र. बाप गेला, तेरावं झालं की आठ-पंधरा दिवसांत बहिणींना तालुक्याला बोलावतात. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर झाडाखाली गाडी लावलेली, वहिनीनं डबा आणलेला, भाऊ बोलत नाही पण मामा बोलतो, 'अगं माहेर पाहिजे ना तुला?' आत गेल्यावर फोटो, अंगठा, पाच मिनिटांत वाट्याची जमीन गेली. काही बहिणी खरंच मनापासून सोडतात, तो त्यांचा हक्क आहे आणि त्यात मी बोलणारा कोण. पण ज्या बाईला सही करताना एवढंच दिसत होतं की नाही म्हणलं तर दिवाळीला कुणी न्यायला येणार नाही, तिची संमती किती मुक्त? कोर्टात हे सिद्ध करणं अवघड आहे, दिशाभूल करत नाही तुमची, पण अशक्य नाही. मद्रास हायकोर्टात १८८९ मधी एक केस आली होती, तेरा वर्षांची विधवा, आणि नातेवाईकांनी तिला सांगितलं की पोरगं दत्तक घ्यायला हो म्हण, तोवर नवऱ्याचं प्रेत उचलू देणार नाही. कोर्ट म्हणालं ही संमती मुक्त नाही. त्याच हायकोर्टात १९१७ मधी नवऱ्यानं बायको-पोराला धमकी दिली की हक्क सोडल्याचं लिहून द्या नाहीतर मी जीव देतो. त्यांनी लिहून दिलं. कोर्टानं तीही जबरदस्तीच धरली. आज नव्या संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं ३०९ कलम नाही, त्यामुळं असा मुद्दा वकील बहुधा अनुचित प्रभावाच्या वाटेनं मांडील, पण धमकीचं स्वरूप काय बदललंय सांगा.

आता उचल. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. कारखाना पैसे देतो वाहतूकदाराला, तो मुकादमाला, मुकादम कोयत्याला. खालच्या टोकाला कागद होतो तो बघा, बॉण्ड पेपर, खूपदा कोरा, खाली अंगठा, वर मजकूर नंतर. बॉण्ड कोरा असेल तर कलम १३ चं काय झालं? दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं कबूल करायला आधी गोष्ट तरी लिहिलेली पाहिजे ना. टनामागं दर किती, आजारी पडलं तर खाड्याचे किती कापणार, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात तीच पुढं ओढणार का, त्या बाईला, जी अर्धा कोयता आहे, तिला कुणी यातलं एक तरी विचारलं का? मुकादमाची बाजूही खरी आहे, हे मी मुद्दाम बोलतोय, कारण उचल घेऊन टोळी पळून गेली आणि मुकादम देशोधडीला लागला असंही होतं, त्याचीही वर वाहतूकदाराकडं सही अडकलेली असते. त्याला पैसे वसूल करायचा हक्क आहे. पण दावा लावून. माणूस उचलून आणून, कोंडून, त्याच्याकडून काम करून घ्यायचा हक्क कुणालाच नाही, आणि करार मोडला म्हणून कोर्टसुद्धा कुणाला धरून आणून राबायला लावत नाही.

एके काळी लावायचं. १८५९ चा एक कायदा होता, आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कामगारावर मॅजिस्ट्रेट हुकूम काढायचा, आणि हुकूम मोडला की तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, सक्तमजुरी. मालकानं करार मोडला तर तुरुंग नाही, कामगारानं मोडला तर तुरुंग. १९२५ मधी तो कायदा रद्द केला. कागद गेला पण डोक्यातून गेला नाही, टोळीतला माणूस पळाला की आजही लोक 'गुन्हा' म्हणतात.

मग गरज म्हणजे जबरदस्ती का? लेकराच्या दवाखान्यासाठी उचल घेतली, त्याला कुणी हात लावला नाही, फक्त दुसरा रस्ता नव्हता. सुप्रीम कोर्टानं १९८२ मधी, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमधी, न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की दुसरा पर्याय न ठेवणारी आर्थिक नडसुद्धा सक्ती ठरते आणि किमान वेतनापेक्षा कमीवर राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारी आहे. माझ्या मते तो निकाल फार मोठा आहे. पण तो घटनेचा निकाल आहे, करार कायद्यात नुसत्या नडीवर करार मोडत नाही. १९२४ मधी प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टासमोर, एक केस होती, गहाणावर चोवीस टक्के चक्रवाढ व्याज, दहा हजार रुपयांचे अकरा वर्षांत लाखाच्या वर झाले, तरी कौन्सिल म्हणालं, आधी दाखवा की सावकार तुमच्यावर हुकमत गाजवायच्या स्थितीत होता, नुसती पैशाची निकड पुरत नाही. ऐकायला राग येतो मला, पण दुसरी बाजूही दिसते, की प्रत्येक नडलेल्या माणसाचा करार कच्चा धरला तर उद्या नडलेल्याला उधार देणार कोण? म्हणून मला वाटतं, बघायची गोष्ट ही की समोरच्यानं त्या नडीचा भाव किती लावला. वाजवी व्याज आणि लिहिलेल्या अटी असतील तर तो मदत करणारा. कोरा कागद मागत असेल तर त्याला तुमची नड वापरायचीय.

आता कामाचं. कोऱ्या बॉण्डवर, कोऱ्या चेकवर सही नाही. उचलीची रक्कम, टनाचा दर, खाड्याचा दर आणि मुदत लिहून घ्या, मोबाईलमधी फोटो काढा, बायकोचंही नाव घाला. सही झालीच असेल आणि दबावाखाली झाली असेल, तर कधी, कुठं, कोण हजर होतं हे आजच लिहून ठेवा. गप्प बसून त्या कराराचे फायदे घेत राहिलात तर कोर्ट म्हणू शकतं की तुम्ही तो मान्य केला. असा करार किंवा कागद रद्द करून घ्यायच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, आणि धमकी दिली हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत असतं, म्हणून मुदत बहुतेक सहीच्या दिवसापासूनच मोजली जाते. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीत अडकलेल्यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन नंबर १५१००.