चौथ्या मजल्यावर चढणारं मायटर सॉ

मघाशी मागनं एकानं विचारलं, मायटर सॉ, म्हणजे पट्ट्या कोनात कापायचं मशीन, दहा इंची ब्लेडचं घेऊ का बारा इंची, तर मी उलट विचारलं की तुमच्या साइटवर लिफ्ट चालू असते का, आणि सगळे हसले. गंमत नव्हती हो ती.

मी स्वतः आधी बारा इंची स्लायडिंग, म्हणजे ब्लेड रॉडवर पुढं-मागं सरकणारं, घेतलं होतं. मशीन झकास, पण वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो आणि काम चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा नुसता खड्डा. दोन पोरं जिन्यानं घेऊन चालली, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर फेन्स, म्हणजे पट्टी टेकवायची मागची कड, कठड्याला आपटली, मला कुणी बोललं नाही. दिवसभर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाची पट्टी, कापली, बसवली, आणि संध्याकाळी घरातल्या बाईंनी कोपऱ्यातल्या जॉइंटमध्ये नख घालून दाखवलं मला. काय बोलणार?

तेव्हापासून मी म्हणतो की साइटवरचं मशीन रोज हलतं, म्हणजे ते गुण्यातून, म्हणजे काटकोनातून, जाणारच, कितीही महागाचं घ्या. मग बघायचं काय, तर ते एका माणसाला उचलता येतं का, आणि बिघडलं तर जागेवर पाच मिनिटांत परत गुण्यात येतं का. वॉट, लेझर, लायटी हे सगळं नंतर.

आता तुम्ही कापता काय ते आठवा. बीडिंग, चार इंची स्कर्टिंग, दाराची पट्टी, कधी चौकट. साधं दहा इंची मशीन सरळ कटला साधारण पाच-साडेपाच इंच रुंदी घेतं, ४५ डिग्रीला साडेतीन इंच, आणि वजन बहुतेक पंधरा किलोच्या आत. बास झालं की. फ्लोरिंगवाल्यांचं वेगळं, त्यांची फळी सात-आठ इंच रुंद, त्यांनी स्लायडिंगच घ्यावं, पण बारा इंची नको, साडेआठ इंची म्हणजे २१६ एमएम ब्लेडचं मिळतं, ते स्लाइडमुळे फूटभर रुंदी काढतं. फक्त त्याचे रॉड मागं निघतात, छोट्या बेडरूममध्ये भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही हे लक्षात ठेवा.

दुकानात जाताना खिशात प्लायची एक पट्टी न्या, चार इंच रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली. मधोमध आडवी, काटकोनात कापायला लावा, मग एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ कडेला लावून तोंडाला तोंड भिडवा. फट दिसली तर खरी चूक त्याच्या निम्मी, कारण पालथं केल्यावर ती दुप्पट दिसते, म्हणून तर ही चाचणी गुण्यापेक्षा भारी. मग दुकानदाराला म्हणायचं, आता ॲलन कीनं फेन्स सेट करून दाखव. त्याला बोल्टच सापडेना, तर तुम्हाला साइटवर धुळीत काय सापडणार? आणि ४५ वर खाचेत टक्कन बसतं तसं ४५ च्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या डिग्रीवरही घट्ट थांबतं का बघा, कारण आपल्या भिंती ९० च्या कुठं असतात, कोपरा ९१ निघाला की मशीनवर कट साडेचव्वेचाळीसला लावावा लागतो.

वायरचं पटकन सांगतो. दीड हजार वॉटच्या वरचं मशीन पाऊण एमएमच्या तीस मीटर वायरवर चालवलं की सुरू होतानाच मोटर रडते, मग म्हणायचं मशीन खराब. अडीच एमएमची वायर घ्या, १६ अँपिअरचा प्लग. ब्लेड कंपनीचं येतं ते बहुतेक चाळीस दात्यांचं, पॉलिश केलेल्या पट्टीला तडे पाडतं, त्याला साठ ते ऐंशी दाती टाका. आणि लोखंड कापायचं दगडी चाक यात कुणी लावू नका, लावतात लोक, माहितेय मला. गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, वायरनं वर बांधून ठेवणारेही इथं आहेत, मी नाव घेत नाही, पण त्यांनी बोटं मोजून ठेवा.

आता ज्यांनी आपापली मशीनं आणलीत ती इकडं पुढं आणा, पट्ट्या मी कापून आणल्यात, पालथं करून कुणाची किती फट निघते ते बघूच.